घराला लागून गादी कारखाना आहे, मधली भिंत आगीत टिकेल अशी कशी बांधायची?

तुम्ही लिहिलंय की मध्ये नुसतं प्लायचं पार्टिशन आहे, पलीकडे कापूस आणि फोमचे ढीग, आणि वरचं पत्र्याचं छप्पर दोघांचं एकच. हे वाचून खरंच काळजी वाटली. भिंत कशाची बांधायची हे सोपं आहे हो, ती कुठपर्यंत न्यायची ते महत्त्वाचं.

साध्या भाजक्या विटेची नऊ इंची भिंत आणि दोन्हीकडून प्लास्टर, एवढं बास आहे. वीट भट्टीत हजार अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, नीट बांधलेली असेल तर अशी भिंत साधारण चार तास आग अडवून धरते असं मानतात. एएसी ब्लॉकची, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ब्लॉकची आठ इंची पण चालेल, वजनाला हलकी पडते. विटेची दहा फूट उंच भिंत म्हणजे लांबीच्या दर फुटाला चारशे किलोच्या वर वजन, त्यामुळे नुसत्या कोब्यावर उभी करू नका, इंजिनिअरला दाखवून खाली पाया घ्या.

मी बांधकामाची कामं घेतो, मागे एक जळालेलं गोडाऊन दुरुस्तीला आलं होतं, मधली वीटभिंत खणखणीत उभी होती आणि तरी दोन्हीकडचा माल खाक, कारण काय तर वारा खेळावा म्हणून भिंत पत्र्याच्या खाली आठ इंच सोडून थांबवलेली, आग तिथूनच वरून पलीकडे गेली. आणि खाली पाइपाच्या भोकाभोवती काळा डाग, हाताच्या पंजाएवढा, भोकात भरलेला स्प्रेचा पिवळा फोम जळून गेलेला, बोट घातलं तर आरपार. तो डाग मी विसरलो नाहीये.

म्हणून भिंत पत्र्याच्या वर निदान दोन-अडीच फूट काढा, पत्रा दोन्हीकडे वेगळा कापा. वासे किंवा लोखंडी अँगल भिंतीतून आरपार जाऊ देऊ नका. लाकूड जळत जळत पलीकडे पोचतं, आणि लोखंडाची ताकद सहाशे अंशांच्या आसपास निम्मी होते, ते वाकलं की भिंतीलाच ओढतं. दोन्ही छपरांना आपापले खांब द्या. वायर-पाइप शक्यतो या भिंतीतून नेऊच नका, नेलेच तर भोवतीची फट रॉकवूल (दगडापासून केलेली न जळणारी लोकर) आणि फायर सीलंटने (आग अडवणाऱ्या भरावाने) भरा, तो पिवळा फोम अजिबात नको. थर्माकोल भरलेली पॅनल कोणी स्वस्तात देतो म्हणाला तरी घेऊ नका. दार-खिडकी तर ठेवूच नका या भिंतीला.

एक काम मात्र नक्की करा, प्लास्टरच्या आधी रात्री पलीकडे हॅलोजन लावा आणि तुमच्या बाजूला पूर्ण अंधार करा. विटांच्या सांध्यातून, कोपऱ्यातून जिथं जिथं उजेड दिसेल तिथं खडूने खूण करा आणि सकाळी गवंड्याकडून सिमेंटचा माल भरून घ्या, तुम्ही स्वतः समोर उभं राहून.