पोर्ट ब्लेअरला चार महिने पाहुणे येणारेत, तर मोठं घर भाड्याने घ्यावं का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. सगळे आकडे दिलेत ते फार बरं झालं, नाहीतर बरेचजण "पगार बरा आहे, काय करू" एवढंच लिहितात आणि मग मी अंदाज बांधत बसते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई मूळच्या साताऱ्याच्या, नवऱ्याच्या खासगी कंपनीच्या पोस्टिंगमुळे सध्या पोर्ट ब्लेअरला (कागदोपत्री आता श्री विजयपुरम, पण तिथले लोकही अजून जुनंच नाव घेतात), अजून वीस महिने राहायचंय. मुलगी पावणेदोन वर्षांची, फेब्रुवारीत दोन पूर्ण होतील. साहेबांचा हातात पडणारा पगार १,१५,०००. ताई घरूनच दोन छोट्या फर्मचे अकाउंट्स बघतात, त्याचे २८,०००. घर टू बीएचके, भाडं २०,०००. महिन्याचा खर्च भाडं धरून ७५,०००, एसआयपी १५,०००, एफडी ३,२०,०००, आणि तीच इमर्जन्सीची पुंजी. आता डिसेंबर ते मार्च पाहुणे: सासू-सासरे महिनाभर, त्यातच नाताळच्या सुट्टीत नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं आठ दिवस, मग जानेवारीत मावशी-काका सहा दिवस, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये ताईंचे आईबाबा एकवीस दिवस, नातीच्या वाढदिवसाला. प्रश्न असा की एफडी मोडून ३२,००० भाड्याच्या थ्री बीएचकेत शिफ्ट व्हावं का. ताईंच्या साहेबांचं म्हणणं, "आपण इथे आहोत तोवरच येतील, एकदाच येणार, नीट करू."

माझं उत्तर नाही असं आहे. पण मला खटकलं ते वेगळंच, त्यावर नंतर येते, आधी घराचा हिशोब.

जास्तीचं भाडं १२,०००, वीस महिने, म्हणजे २,४०,०००. शिफ्टिंगचे तुम्हीच १५,००० धरलेत, नव्या खोलीत बेड, गादी, एसी मिळून ७५,०००. झाले ३,३०,०००. जाताना सामान विकून तीसेक हजार परत येतील असं धरू, म्हणजे तीन लाख. डिपॉझिट परत मिळतं म्हणून ते मोजतच नाही. आता ही तिसरी खोली लागणार कधी? सासू-सासरे एकटे असतील किंवा आईबाबा एकटे असतील तेव्हा तुमची आत्ताची दुसरी खोली पुरतेच की. अडचण फक्त नणंदेच्या आठ रात्री आणि मावशी-काकांच्या सहा. चौदा. पुढच्या सीझनलाही इतकेच लोक आले असं धरलं तरी अठ्ठावीस रात्री. तीन लाख भागिले अठ्ठावीस केलं तर एका रात्रीला पावणेअकरा हजाराच्या आसपास पडतात, एवढ्यात तर चांगल्या रिसॉर्टची खोली मिळते, आणि तिथे चादरी दुसरं कोणीतरी धुतं. तुमच्याच मेलमध्ये लिहिलंय की घरापासून चालत पाच मिनिटांवरच्या गेस्ट हाऊसला एक्स्ट्रा बेडसकट फॅमिली रूम ३,००० ला मिळते. चौदा रात्रींचे ४२,०००, दोन्ही सीझनचे ८४,०००. झोपायला तिकडे, जेवायला-बसायला तुमच्याकडे. नणंदबाईंना सुरुवातीला थोडं लागेल कदाचित, पण दोन मुलांना घेऊन हॉलमध्ये गाद्या घालून आठ रात्री काढण्यापेक्षा त्यांनाही हेच बरं पडेल. आणि तुमच्या लेकीचंही बघा, तिकडे डिसेंबरात पाच-साडेपाचलाच उजाडतं आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पोरगी आपल्या घड्याळाने पहाटेच उठून बसणार, आणि हॉलमध्ये रात्री बारापर्यंत पत्ते खेळलेली माणसं झोपलेली असणार. मग सगळ्यांचीच चिडचिड.

आता ते खटकलेलं. तुम्ही खर्चाची जी यादी पाठवलीये त्यात किराणा आहे, गॅस आहे, फेरीबोटीची तिकिटं आहेत, अगदी मच्छरदाणीसुद्धा आहे. आणि मेलच्या शेवटी एका ओळीत, जाता जाता, लिहिलंय "डिसेंबर ते मार्च मी काम बंदच ठेवीन, जमणारच नाही." ताई, ती ओळ यादीत सगळ्यात वर पाहिजे. चार महिन्यांचे १,१२,०००. तुमच्या पाहुणचाराच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा हाच आहे आणि तो कोणी मोजलेलाच नाही, कारण तो खिशातून जात नाही, येतच नाही. तुलना करा, जेवणखाणाचा खर्च मी काढला: सासू-सासऱ्यांचे दोघांचे मिळून साठ दिवस, आईबाबांचे बेचाळीस, नणंदेकडच्या चौघांचे बत्तीस, मावशी-काकांचे बारा, एकूण १४६ माणूस-दिवस. भाजीपाला, किराणा बराचसा चेन्नई-कोलकात्याहून जहाजाने येतो म्हणून तिकडे महाग, तरी माणशी ३०० रुपये रोज धरले तर ४४,००० च्या आत भागतं. मासळीवर ताव मारणारी माणसं असतील तर अजून कमीत, तिकडे सुरमई आपल्यापेक्षा परवडते. म्हणजे चार महिने सगळ्यांना जेवू घालण्याच्या अडीचपट पैसे तुमचं काम बंद ठेवण्यात जाणार. आणि फर्मवाले चार महिने थांबतील ही खात्री तुम्हाला आहे का? मार्चएन्डिंगच्या तोंडावर अकाउंट्सवाली बाई गायब झाली तर एप्रिलमध्ये त्यांच्याकडे दुसरी असते. तेव्हा खरा तोटा चार महिन्यांचा नाहीच, उरलेल्या पोस्टिंगचा आणि कदाचित नंतरचाही आहे.

म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा. स्वयंपाक आणि वरकामाला बाई लावायचे ९,००० सांगितलेत म्हणे. चार महिन्यांचे ३६,०००. घ्या तिला, उद्यापासून घ्या, पाहुणे यायच्या आत तिला तुमच्या हाताची सवय होऊ दे. सकाळी नऊ ते एक दार लावून काम, आणि ही वेळ पाहुण्यांना आल्या दिवशीच सांगायची. सासूबाई नातीला त्या चार तासांत बघतील का, तर बघतील, आनंदाने बघतील, पण त्यावर सगळी मदार ठेवू नका. आजी नातीला भेटायला येतेय, तिला पाळणाघर समजून प्लॅन केला तर आठव्या दिवशी तिचे गुडघे बोलायला लागतात आणि मग घरात कोणी काही बोलत नाही पण सगळ्यांना सगळं कळतं. सुट्टी घ्यायचीच तर साहेबांनी नणंदेच्या आठ दिवसांतले चार घ्यावेत, बहीण त्यांची आहे.

फिरण्याच्या खर्चाचं. प्रत्येक बॅच सेल्युलर जेलला जाणारच, सातारा-पुण्याकडून अंदमानला गेलेला माणूस सावरकरांची कोठडी बघितल्याशिवाय परतत नाही. जाऊ दे त्यांना. पण दर वेळी तुम्ही आणि पोरगी बरोबर असायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, जिने चढून जायचं, आणि लाइट अँड साउंड शो नेमका पोरगी पेंगायला लागते तेव्हा. रिक्षा करून द्या, परत आल्यावर जेवण तयार. बारातांग बेटाचं तर नावच काढू नका, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून गाड्यांच्या काफिल्यानेच जावं लागतं, पहिला काफिला गाठायचा तर जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे पोचावं लागतं, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन हा उपद्व्याप कशाला. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीपला एकदा सगळे मिळून जा, आईबाबांबरोबर जा हवं तर, तेव्हा समुद्रही बरा असतो.

आणि ह्याचे पैसे कोणी द्यायचे? साहेब म्हणतात आपण द्यायचे. मी म्हणते, घरातलं राहणं-जेवणं तुमचं, गेस्ट हाऊसही तुमच्याकडून, शोभेल तसं. विमान, फेरी, बेटांवरची हॉटेलं ज्याची त्याने. ह्यात कंजूषपणा नाहीये. नणंदेच्या मिस्टरांची केंद्र सरकारी नोकरी आहे असं तुम्ही लिहिलंय, मग त्यांना तर एलटीसीवर (सरकारी नोकरांना सुट्टीतल्या प्रवासाचा खर्च मिळतो ती सोय) विमानाने अंदमानला यायची खास सवलत सरकार देतं, मुदत वेळोवेळी वाढवलीये, आत्ता चालू आहे का ते त्यांच्या ऑफिसात एका फोनवर कळेल. एकच काळजी घ्यायला सांगा, तिकिटं आयआरसीटीसी, बामर लॉरी किंवा अशोक ट्रॅव्हल्स ह्यांच्याकडूनच काढायची, कुठल्याही अ‍ॅपवरून स्वस्तात काढली आणि क्लेम अडकला तर दोष तुमच्या बेटावर येईल. हॉटेल आणि फेरफटका एलटीसीत बसत नाही, तेवढं त्यांचं त्यांनी बघावं, एवढी सुट्टी त्यांनाही दुसरीकडे फुकटात पडली नसतीच.

हे बोलणं साहेबांनी करायचं, तुम्ही नाही, आणि तिकिटं काढायच्या आधी करायचं. बंदरावर तिकीट खिडकीसमोर "मी देतो, मी देतो" करायची वेळ आली की पाहुणचार करणाराच हरतो. बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं पुरे: "ताई, तुमच्या झोपायची सोय घराशेजारच्या गेस्ट हाऊसला केलीये, ते आमच्याकडून. जेवण सगळं घरी. हॅवलॉकची फेरी नाताळात भरून जाते, लिंक पाठवतोय, आजच बुक करून टाका." बस. ह्यात कोणाचा अपमान होत नाही आणि कोण काय भरणार ते कळतं.

सासू-सासऱ्यांची तिकिटं मात्र तुम्ही काढा, ४०,००० सांगितलेत, ते मला पटतं. आईबाबा पेन्शनर आहेत, स्वतःचं स्वतः येतो म्हणतायत, तरी निदान परतीचं तिकीट तुमच्याकडून होऊ दे. तुमच्या २८,००० मधून. दोन्हीकडे सारखं झालं की पुढची दहा वर्षं कोणी काढत नाही. साहेबांच्या पगारात एलटीए (करसवलतीचा प्रवासभत्ता) आहे त्यात हे बसेल का विचारलंत. नाही बसणार, त्यात कर्मचारी स्वतः प्रवासात हवा, आईवडील त्याच्यावर अवलंबून हवेत, त्याचे सासू-सासरे, म्हणजे तुमचे आईबाबा, धरत नाहीत, आणि इन्कम टॅक्सच्या न्यू रेजीममध्ये ती सूटच मिळत नाही. सोडून द्या.

एक सुचवते, बघा पटतं का. मे महिन्यात साताऱ्याला जायचा तुमचा बेत आहे. मेमध्ये मुलगी दोन वर्षांच्या वर, म्हणजे पूर्ण सीट, वर सुट्टीचे भाव. त्यापेक्षा जानेवारीत सासू-सासरे परत निघतील तेव्हा त्यांच्याबरोबरच तुम्ही दोघी जा. दोन वर्षांच्या आत मांडीवरच्या बाळाचे थोडेच पैसे पडतात. फक्त परतीचा प्रवाससुद्धा वाढदिवसाच्या आधी झाला पाहिजे, वय प्रवासाच्या तारखेला मोजतात, जाताना पावणेदोन आणि येताना दोन झाली तर येतानाची सीट घ्यावीच लागते. चेन्नईला विमान बदलताना म्हाताऱ्या माणसांना तुमची सोबत, तुम्हाला त्यांची, आणि माहेरी बसून तुमचं काम दुप्पट होईल. मे महिन्याची तिकिटं वाचली ती वेगळीच.

एफडीला हात लावू नका. मुंबई-पुण्यात असतात तर मी इतकी अडून बसले नसते. पण तुम्ही बेटावर आहात, गंभीर आजारपण असेल तर पेशंटला चेन्नई किंवा कोलकात्याला हलवायची वेळ येते, आणि आयत्या वेळची तीन-चार तिकिटं, तिकडचं राहणं, हे सगळं क्रेडिट कार्डावर भागवलं आणि थकलं की वर्षाला पस्तीस-चाळीस टक्के व्याज चढतं. ३,२०,००० म्हणजे तुमचा जेमतेम सव्वाचार महिन्यांचा खर्च. मी तर म्हणते हे ४,५०,००० पर्यंत न्या, मोठ्या घराचं वाचलेलं भाडं महिना १२,००० तिकडेच टाका, वर्षभरात होईल. एसआयपी चालू ठेवा, ती थांबवायची गरज दिसत नाही.

चारही ज्येष्ठांच्या मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीचा फोटो आधीच मागवून घ्या, आणि कंपनीला फोन करून विचारा की पोर्ट ब्लेअरमध्ये कॅशलेस कुठे चालतं. तिथे गेल्यावर बीपी-शुगरवाल्या माणसाला हे शोधायला लावू नका. गोळ्या परतीच्या तारखेपेक्षा पंधरा दिवस जास्तीच्या आणायला सांगा, हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द, कधी विमानंही.

आणि पाणी. फेब्रुवारी-मार्चला पाऊस नसतो, तुमच्याकडे नळाला एकाआड एक दिवस पाणी येतं असं तुम्हीच लिहिलंय, त्यात आईबाबा आणि वाढदिवसाची मंडळी. टँकरचे तीनेक हजार बजेटमध्ये आत्ताच धरा आणि घरमालकाला टाकीचं विचारून ठेवा, वाढदिवसाच्या सकाळी नको.

गेस्ट हाऊसचं आधी करा मात्र. ३,००० हा भाव नाताळच्या आठवड्यालाही तोच आहे ना ते स्पष्ट विचारा, ॲडव्हान्स देऊन पावती घ्या, आणि मगच थ्री बीएचकेच्या मालकाला नको म्हणून कळवा.