दुसरी चावी खिशातच ठेवा

चिंचवडच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. लांबलचक आणि वैतागलेलं, पण मुद्देसूद. त्यांच्याकडे २००७ ची टर्बो पेट्रोल सेदान आहे. दोन वर्षांपूर्वी एका खासगी मालकाकडून हौसेने घेतली. ब्रेकचं पेडल स्पंजसारखं आत जायचं आणि ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढायची. रिमोट दाबल्यावर तीन दारं लॉक व्हायची, ड्रायव्हरचं व्हायचं नाही. रात्री दोन वाजता मात्र लॉक आपोआप खटखटायचं. गॅरेजवाल्याने व्हॉट्सअॅपवर ४२,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं, यांनी ३०,००० अॅडव्हान्स भरले. आठवड्याने फोन आला, 'एबीएस युनिट (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) गेलंय, ५८,००० अजून लागतील.' हे ऑफिसमध्ये होते. म्हणाले, 'बघा, करा काय लागेल ते.'

शेवटी हातात साधा कागद आला: 'ब्रेक, एबीएस, लॉकिंग – १,१८,०००'. फिटरला शेजारी बसवून ट्रायल घेतली, तर पेडल तसंच आत जातंय. यांनी उरलेले ८८,००० द्यायला नकार दिला, गॅरेजने गाडी द्यायला नकार दिला, आणि आता वर रोज ३०० रुपये पार्किंग लावलंय. चोवीस दिवस झाले. प्रश्न असा: 'गाडीची दुसरी चावी माझ्याकडे आहे. मित्र म्हणतो, संध्याकाळी जाऊ आणि गाडी काढून आणू. स्वतःचीच गाडी आहे, त्यात गुन्हा कसला?'

मित्राला आधी गप्प बसवा. स्वतःच्या वस्तूचीही चोरी होऊ शकते, आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. १८६० च्या दंड संहितेत चोरीच्या व्याख्येखाली घड्याळाचं उदाहरण होतं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही ते आहे. घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे, आणि त्या पैशांची हमी म्हणून दुकानदाराने घड्याळ कायद्याने अडवून ठेवलंय. मालकाने ती हमी बुडवायच्या हेतूने घड्याळ उचललं तर ती चोरीच. त्याच्याच आधीच्या उदाहरणात मालक काहीच देणं लागत नसतो आणि हातातून घड्याळ हिसकावून नेतो. तिथे कायदा म्हणतो, चोरी नाही, पण अंगावर जाणं आणि बेकायदा घुसणं यांचे गुन्हे होऊ शकतात. तुम्ही या दोनपैकी कोणत्या घड्याळवाल्यासारखे आहात? तुमच्या मते दुसऱ्या, म्हणजे काहीच देणं न लागणाऱ्या. ठाण्यातला हवालदार मात्र तुम्हाला पहिल्या खणात टाकणार, कारण फोनवर तुम्हीच 'करा काय लागेल ते' म्हणालात.

गॅरेजवाल्याच्या हातात करार कायद्याचं कलम १७० आहे. वस्तूवर कसब किंवा मेहनत खर्ची घातली असेल, तर त्या कामाचा रास्त मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. वकिली भाषेत याला धारणाधिकार म्हणतात. पण इथे 'रास्त' आणि 'त्या कामाचा' हे दोन्ही शब्द मोजून घ्या. गाडी आवारात उभी राहिली यात कसब कोणाचं खर्च झालं? पार्किंगचे ७,२०० या कलमात बसत नाहीत. फक्त जॉब कार्डच्या, म्हणजे गाडी कामाला घेताना गॅरेज भरतं त्या कागदाच्या, पाठीमागची बारीक अक्षरं वाचून घ्या. तिथे पार्किंगची अट असेल आणि खाली तुमची सही असेल, तर थोडी पंचाईत आहे. आणि ४२ अधिक ५८ म्हणजे एक लाख होतात. वरचे १८,००० कशाचे, हे त्या कागदावर कुठेच नाही.

मग करायचं काय? माझं मत ऐकून तुम्हाला राग येईल: पैसे भरा आणि गाडी सोडवा. मात्र हक्क राखून भरा. करार कायद्याच्या कलम ७२ खाली रेल्वेचं उदाहरण आहे. कंपनी बेकायदा जादा भाडं घेतल्याशिवाय माल सोडत नाही, माणूस नाइलाजाने भरतो, आणि जेवढं जादा घेतलं तेवढं परत मिळवायचा त्याला हक्क असतो. तुमचंही तेच आहे. पैसे भरण्याआधी ईमेल आणि व्हॉट्सअॅप दोन्हीवर लिहा की ही रक्कम मान्य नाही, गाडी ताब्यात मिळावी एवढ्यासाठी निषेध नोंदवून देतोय. पैसे बँकेतूनच पाठवा. रोखीत पाच रुपयेसुद्धा नको. पार्किंगचे भरू नका. त्यावर अडलंच तर ग्राहक आयोगाकडे तक्रारीसोबत अंतरिम आदेश मागता येतो. सगळीच रक्कम आयोगात जमा करून गाडी सोडवण्याचा अर्जही करता येईल, पण तोवर पावसाळ्यात उघड्यावर उभ्या असलेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीचं काय होतं, ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता.

त्याच ईमेलमध्ये चार गोष्टी मागा: जॉब कार्डची प्रत, जीएसटी क्रमांकासह तपशीलवार बिल, नवीन एबीएस युनिटच्या खरेदीची पावती, आणि काढलेले जुने पार्ट. रीतसर बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आणि युनिट भंगारातून आणून नव्याच्या भावाने लावलं असेल तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. पण तो आरोप पुरावा हातात आल्यावर करा. आत्ता ठाण्यात गेलात तर 'सिव्हिल मॅटर आहे' एवढंच ऐकून परत याल.

गाडी चालवत आणू नका. ब्रेक खराब आहेत हे आता तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून बसलाय. मोटार वाहन कायद्याचं कलम १९० धोकादायक दोष माहीत असून गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला धरतं, आणि त्यातून अपघात झाला तर तुरुंगापर्यंत जातं. विमा पॉलिसीतही गाडी चालू स्थितीत ठेवण्याची अट असते. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मागवा. चढवण्याआधी व्हिडिओ घ्या: इंजिन चालू, पाय पेडलवर, पेडल किती खाली जातं, मीटरवरचे किलोमीटर, चारही दारं रिमोटला काय करतात.

आणि घरी आणली की लगेच दुसऱ्या मेकॅनिकला हात लावू देऊ नका. माझ्याकडची अशी एक केस इथेच पांगळी झाली होती. चारही दारांच्या लॉकचं बिल लावलं होतं. दुसऱ्या गॅरेजने पाहिलं तर दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीत एक तार तुटलेली. त्याने ती तिथल्या तिथे जोडून टाकली. लॉक सुरू झालं आणि पुरावा संपला. आधी परवानाधारक सर्व्हेअर किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून फोटोंसह लेखी अहवाल घ्या. त्याला एक प्रश्न नक्की विचारा: एबीएस युनिट बदलल्यावर ब्रेकच्या तेलाच्या लाइनमधली हवा नीट काढली होती का? हवा राहिली तर पेडल स्पंजसारखंच राहतं, मग युनिट नवं असो की जुनं. ब्रेकच्या तेलाचा रंगही त्याला लिहायला सांगा. काळपट निघालं तर ते बदललंच नव्हतं, असं म्हणायला जागा मिळते.

अहवाल आला की पंधरा दिवसांची नोटीस द्या, मग जिल्हा ग्राहक आयोग. तुमच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार चालते, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आधी फोन करून पाहायला हरकत नाही. काही गॅरेजवाले तेवढ्यानेच बिल पुन्हा तपासतात.

पत्राच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की आधीच्या मालकाने ईसीयू रीमॅप केला होता, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं होतं. हे तक्रारीत लपवू नका. समोरचा वकील पहिल्याच तारखेला 'गाडीत फेरफार आहेत' म्हणणार. रीमॅपने दाराची तार तुटत नाही, हे तुमच्या इंजिनिअरच्या अहवालात एका ओळीत येऊ द्या. आधीच्या मालकावर मात्र दावा लावायच्या फंदात पडू नका. तो व्यापारी नाही, गाडी तुम्ही पाहून, चालवून घेतली, दोन वर्षं वापरली.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही. २००७ ची गाडी म्हणजे २०२२ ला नोंदणीचं नूतनीकरण झालं असणार आणि ते पाच वर्षांचं असतं. २०२७ मध्ये आरटीओसमोर हेच ब्रेक तपासले जातील. आयोगाचा निकाल तोवर लागेलच या भरवशावर राहू नका. अहवाल हातात आला, फोटो झाले, काढलेले पार्ट पिशवीत सीलबंद झाले की ब्रेक दुसरीकडे नीट करून घ्या आणि ते बिलही तक्रारीला जोडा.