द्राक्षबागेतली विद्या आणि वरून येणारे ज्ञान

प्रश्न : मी कृषी पदवीधर असून नाशिक परिसरातील द्राक्षबागायतदारांना माती व देठ परीक्षणाचे अहवाल समजावून देतो. आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या बंधूंनी मला ‘ह्या जगाचे ज्ञान देवाच्या दृष्टीने मूर्खपण आहे’ (1 करिंथ 3:19) हे वचन दाखवले आणि इतके शिकून आत्मिक लाभ काय, असे विचारले. माझे शिक्षण श्रद्धेच्या आड येते का?
– एक वाचक, शरणपूर, नाशिक

उत्तर : आड येत नाही, हे प्रथमच निःसंकोच सांगतो. करिंथच्या मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’ असे तट पडले होते, आणि माणसांचा अभिमान मिरवणाऱ्या त्या शहाणपणाला पौल मूर्खपण म्हणतो. शेतीची किंवा वैद्यकीची विद्या हा तेथे विषयच नाही. पौल स्वतः गमलिएल या यहुदी गुरूच्या पायांजवळ शिकला होता, लूक वैद्य होता आणि दानिएलाने खास्दी (बाबेलची) विद्या शिकूनही प्रार्थना सोडली नाही.

घोटाळ्याचे एक कारण आपल्या भाषांतरातही आहे. ‘ज्ञान फुगवते’ (1 करिंथ 8:1) येथे मूळ ग्रीक शब्द ‘ग्नोसिस’ (जाणणे) आहे, तर याकोबाच्या पत्रातील ‘वरून येणारे ज्ञान’ (3:17) येथे ‘सोफिया’ (शहाणपण). मराठीत मात्र दोन्हीकडे ‘ज्ञान’च वाचावे लागते. याकोब कोण किती शिकला हे विचारत नाही. जेथे मत्सर व तट पाडण्याची वृत्ती आहे तेथले शहाणपण तो ऐहिक ठरवतो, आणि वरून येणारे ज्ञान शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य व समजूत होण्याजोगे असते, असे सांगतो. यातले ‘समजूत होण्याजोगे’ मला फार मोलाचे वाटते. शलमोनाने देवाजवळ जे मागितले (1 राजे 3:9), त्याचा मूळ इब्री शब्दांतला अर्थही ‘ऐकणारे अंतःकरण’ असाच आहे.

आपल्याच कामातले पाहू. एप्रिलमधल्या खरड छाटणीत हिरवा वेल बोडका होतो आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर त्यावर घड येतात. किती डोळे (कळ्या) राखून काडी कापावी हे आपल्याला कळते. ते देवाचेच देणे आहे आणि त्यावर एका कुटुंबाचे वर्ष अवलंबून असते. पण एखादा बागायतदार कुजलेला घड हातात घेऊन दारात उभा राहतो, तेव्हा ‘अहवाल बरोबरच होता, तुमची फवारणी चुकली’ असे म्हणून त्याला वाटेला लावायचे, की आत बसवून त्याचे सगळे ऐकून घ्यायचे आणि आपला सल्ला चुकला असल्यास तसे कबूल करायचे, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नसते. तेथे छाटणी आपली स्वतःची असते (फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावे म्हणून पिता त्याची साफसफाई करतो, योहान 15:2), आणि त्यासाठी लागणारे ज्ञान मागून घ्यावे लागते. मागणाऱ्याला दोष न लावता देव ते देतो, असे याकोब 1:5 मध्ये आश्वासन आहे.

त्या वडीलधाऱ्या बंधूंशी मात्र या वचनावरून वाद घालू नये. येत्या एप्रिलमध्ये छाटणी चालू असलेल्या एखाद्या बागेत त्यांना आपल्यासोबत न्यावे, कोणती काडी का कापतात हे दाखवावे, आणि योहानाचा पंधरावा अध्याय त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगावा.