शर्यत कुठली, हे तिला ठरवू द्या

प्रश्न : माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, यंदा दहावीला. नववीत ७१ टक्के पडले. ब्रेस्टस्ट्रोक (बेडकासारखे पाय मारत) पोहते, विभागीय स्पर्धेपर्यंत गेली आहे. सिंगापूरला २०२५ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेतली महिलांची ५० मीटरची शर्यत आम्ही घरी मोबाइलवर पाहिली. ती शर्यत आता २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये आली आहे. विश्वविक्रम २९.१६ सेकंदांचा आहे, गावातल्या तलावात माझ्या घड्याळावर हिचं टायमिंग ३६.४ येतं. म्हणजे प्रश्न फक्त सात सेकंदांचा आहे. इटलीच्या एका मुलीने चौदाव्या वर्षी जागतिक रौप्य घेतलं. त्या मानाने आम्हाला उशीरच झाला. हिला २०० मीटर आवडतं, पण भविष्य ५० मध्ये आहे. गुडघा दुखतो म्हणून अधूनमधून टाळाटाळ करते. वजन वाढू नये म्हणून भात आणि भाकरी बंद केली आहे. माझं मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे, खर्चाची तयारी आहे. शाळेतून काढून १७ नंबरचा फॉर्म भरावा आणि पुण्याला हलवावं का? – एक पालक, सांगली

(पत्राच्या शेवटी वेगळ्या अक्षरात : तीन महिने तिला पाळी आलेली नाही. व्यायामाने असं होतं, असं हे म्हणतात. – आई)

उत्तर : नमस्कार. ताईंनी लिहिलेल्या दोन ओळींना आधी उत्तर देते. पुण्याचा प्रश्न त्यानंतर.

ताई, उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. व्यायामाने पाळी थांबते, असं आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. जणू कसून सराव केल्याची ती पावतीच! पण बऱ्याचदा व्यायामापेक्षा ताटाचा दोष असतो. दिवसभरात जितकं खर्च होतं तितकं पोटात गेलं नाही, की शरीर आधी अशी कामं बंद करतं ज्यांच्यावाचून आजचा दिवस निघू शकतो. पाळी त्यातलंच एक. त्यामागोमाग हाडं कमजोर होतात, आणि आयुष्यभराची हाडं याच वयात भरत असतात. रक्त कमी असेल, थायरॉइड असेल, आणखी काही असेल, ते डॉक्टर तपासतील. मी डॉक्टर नाही. पण सराव म्हणून पोहणाऱ्या, शिवाय शाळेत जाऊन अभ्यास करणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीची भाकरी कोणाच्या सल्ल्याने बंद झाली, हे मला कळायला हवं होतं. पत्रात कोचचं नाव नाही, आहारतज्ज्ञाचं नाही. तेव्हा डॉक्टरांची वाट न बघता भात आणि भाकरी आजच्या जेवणापासून सुरू करा.

आता गुडघा. दादा, त्याला तुम्ही टाळाटाळ म्हटलंत. ब्रेस्टस्ट्रोकची किक मारताना गुडघा वाकवून पाऊल बाहेर वळवायचं आणि पाण्याला मागे रेटायचं असतं. त्याचा ताण गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर येतो. हे दुखणं इतकं ठरलेलं आहे, की क्रीडावैद्यकात ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांचा गुडघा म्हणूनच ते ओळखलं जातं. उपाय आहेत. किकचे लॅप कमी करायचे, किकची पद्धत सुधारून घ्यायची, मांडी आणि कंबर मजबूत करायची. पण त्यासाठी ती दुखतंय म्हणते तेव्हा आधी खरं मानावं लागतं. हळदीचा सौदा करताना तुम्ही वरच्या रंगावर भाव सांगत नाही, हळकुंड मोडून आत बघता. लेकीच्या बाबतीत मात्र घड्याळावरचा आकडा पाहून काम भागवलंत.

आणि तो आकडा तरी बरोबर मांडलाय का? सात सेकंद हा हिशेबच चुकलेला आहे. फक्त तुम्हीच नाही, मला लिहिणारे बरेच पालक अशी वजाबाकी करतात. २९.१६ हा विक्रम लिथुआनियाच्या रुता मेलुतितेने २०२३ मध्ये फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत केला, ५० मीटरच्या तलावात. त्यात वळण येत नाही. तुमच्या गावातला तलाव बहुधा २५ मीटरचा असणार. तिथे मधे भिंत येते, भिंतीला पायाचा रेटा मिळतो, पाण्याखालून एक लांब ओढ मिळते, म्हणून वेळ आपोआप कमी दिसते. त्या तलावासाठी बरोबरीचा विक्रम २८.३७ चा आहे, तोही रुताचाच, २०२२ चा, मेलबर्नमधला. म्हणजे फरक आठ सेकंदांचा. रुता भिंतीला हात लावेल तेव्हा तुमची लेक अकरा मीटर मागे असेल. शिवाय पाण्यात वेग वाढवायचा तर अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी ताकद घनाने. त्या अकरा मीटरसाठी तिला आजच्या ढोबळमानाने दुप्पट ताकद लावावी लागेल. तंत्र सुधारलं की अडथळा कमी होतो, तेवढी ताकद वाचते, हे खरं. पण ते वर्षावर्षांचं काम आहे. काठावर कोणीतरी आकडे ओरडल्याने ते होत नाही. उलट घाईत डोकं वर येतं, कंबर खाली बसते आणि वेळ वाढते. हाताने दाबलेल्या घड्याळाची चूक मी यात धरलेलीच नाही.

इटलीची ती मुलगी म्हणजे बेनेदेत्ता पिलातो. २०१९ ला ग्वांगजूमध्ये ५० मीटरचं रौप्य तिने घेतलं तेव्हा ती चौदाची होती, हे खरं. पुढचंही सांगते. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरला ती एक शतांश सेकंदाने चौथी आली. काठावर आली तेव्हा डोळ्यात पाणी होतं, आणि ते आनंदाचं आहे असं तिने सांगितलं. चौथ्या नंबरचा आनंद कसला, असं तिच्या देशातही अनेकांना वाटलं. तुमच्या घरी कोणी चौथी आली तर हे आनंदाचं पाणी आहे, असं तिला म्हणता येईल का?

रुताचं उदाहरणही तुम्ही पुढच्या पत्रात द्याल, म्हणून आधीच बोलते. लंडनला २०१२ मध्ये १०० मीटरचं सुवर्ण तिने पंधराव्या वर्षी जिंकलं, तुमच्या लेकीच्याच वयात. पण २०१९ ला, बाविसाव्या वर्षी, तिने निवृत्ती जाहीर केली. उत्तेजक चाचण्या चुकवल्याबद्दल दोन वर्षांची बंदीही आली. त्यानंतर ती परतली. ज्या २९.१६ वरून तुम्ही हिशेब मांडताय, तो आकडा तिने सव्विसाव्या वर्षी पोहून काढलेला आहे. लंडननंतर अकरा वर्षांनी. तुमच्या लेकीला कसला उशीर झालाय, ते मला दिसत नाही.

पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही उडवून लावलंय. हिला २०० मीटर आवडतं, हे ते वाक्य. दहावीनंतर मुलगी कला शाखा म्हणते आणि वडील विज्ञानाचा फॉर्म भरतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त पाण्यातला. ५० मीटरमध्ये हातपाय झपाझप चालतात, अंग लांब ठेवून सरकत राहायला वेळच नाही. सुरुवातीची उडी आणि स्फोटक ताकद यावर बरंच ठरतं. २०० मीटरला एका ओढीत पाणी किती धरलं, किक झाल्यावर अंग लांब ठेवून किती अंतर कापलं आणि तिसऱ्या पन्नासात लय टिकली का, हे मोजलं जातं. दोन्ही ब्रेस्टस्ट्रोकच, पण पोहणारे वेगळ्या धाटणीचे. पंधराव्या वर्षी एखादी मुलगी मला लांबची शर्यत आवडते म्हणते, तेव्हा ती आपल्या शरीराविषयी काहीतरी सांगत असते. तिच्या कोचने ऐकायला हवं, तुम्ही तर हवंच.

आणि भविष्य ५० मध्ये आहे हे कुठून आलं? २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी ५० मीटरच्या ब्रेस्टस्ट्रोक, बॅकस्ट्रोक आणि बटरफ्लायला २०२५ मध्ये परवानगी मिळाली, इतकीच बातमी आहे. महिलांची २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून आहे. शंभर वर्षं होऊन गेली. दक्षिण आफ्रिकेच्या तात्याना स्मिथने टोकियोला २०० मध्ये विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं आणि पॅरिसला १०० मध्ये. आधी लांबची शर्यत जिंकली म्हणून तिचं काही अडलं नाही. बरं, समजा शर्यत ऑलिंपिकमध्ये नसती, तरी काय बिघडलं असतं? आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं, तेव्हा ती शर्यतही ऑलिंपिकमध्ये नव्हती. पुढे तो तहसीलदार झाला.

शाळेबद्दल थोडक्यात. १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे बाहेरून दहावी देण्याचा अर्ज, ज्यांची शाळा सुटली त्यांच्यासाठी आहे, चालू शाळा सोडवण्यासाठी नाही. दहावी नियमित द्या. ७१ टक्के अजिबात वाईट नाहीत, विशेषतः उपाशीपोटी मिळवलेले. क्रीडा गुणांची चौकशी शाळेत करा, सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाचा विचार आज नको. त्याला वरच्या पातळीची कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी लागते, विभागीय सहभागावर ते मिळत नाही.

पुण्याला जाण्याला माझा विरोध नाही. बालेवाडीला ५० मीटरचा तलाव आहे, सोबतीला वेगवान मुली मिळतील, आणि अकरावी तिथे करता येईल. फक्त ते निकालानंतर, गुडघा बरा आणि पाळी नियमित झाल्यावर, आणि तिला स्वतःला घर सोडायचं असेल तर. तिथे कोणत्या कोचकडे जायचं, ते सरावाच्या चार दिवसांनी तिने ठरवावं. तुम्ही गाडीने सोडायला जा आणि काठावर न थांबता चहाला जा.

तोवर पुढच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत डॉक्टरांनी परवानगी दिली तर तिची २०० मीटरची एंट्री घाला. टायमिंग पंचांना घेऊ द्या. त्यानंतर पुण्याचं विचारायचं असेल तर पत्र तिलाच लिहू द्या, अक्षर कसंही असलं तरी चालेल.