इंदूरचा मुलगा आणि आइस हॉकी

प्रश्न: ताई, मुलगा तेरा वर्षांचा, रोलर स्केटिंग मस्त करतो, पण ओव्हेच्किन या रशियन आइस हॉकीपटूचे गोल मोबाइलवर बघून बघून आता म्हणतो आइस हॉकीचाच प्रोफेशनल प्लेयर होणार. इंदुरात बर्फ कुठाय हो? काय सांगू त्याला? – एक आई, इंदूर

उत्तर: अहो, नाही म्हणू नका, पण खरं काय ते दाखवा. ओव्हेच्किनने एप्रिल 2025 मधे NHL या अमेरिका-कॅनडातल्या सर्वात मोठ्या लीगमधे 895वा गोल मारून जुना स्टार ग्रेट्झ्कीचा सर्वाधिक गोलांचा रेकॉर्ड मोडला तेव्हा तो 39 वर्षांचा होता, इतकं टिकणारे फार थोडे. तिकडची मुलं चार-पाच वर्षांची असतानाच बर्फावर उतरतात, मग 18व्या वर्षी ड्राफ्ट, म्हणजे लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात ते, आणि निवड झाली तरी बरेच जण आधी खालच्या लीगमधेच घासतात. एक शिफ्ट, म्हणजे एका वेळी बर्फावर खेळायची पाळी, जेमतेम 45 सेकंदांची, तेवढ्यात जीव तोडून पळायचं, रिंकभोवतीच्या भिंतीवर आदळायचं, बाकावर येऊन दम खायचा की परत आत. गुडघे, खांदे, डोक्याला मार, हे चालूच.

आपल्याकडे यावर घर चालेल असं नाही, हे स्पष्टच सांगते. तरी आपल्या मुलींनी 2025 मधे आशिया कपात ब्रॉन्झ आणलंच ना, त्यातल्या बहुतेक लडाखच्या, थंडीत गोठलेल्या तळ्यांवर शिकलेल्या! मला फार अभिमान वाटतो त्यांचा.

सध्या त्याला इनलाइन स्केट्स (एका रांगेत चाकं असलेले) घेऊन द्या, वळणं बरीचशी बर्फासारखीच बसतात, ब्रेक मारणं मात्र बर्फावरच शिकावं लागतं. सुट्टीत देहरादूनच्या रिंकवर नेऊन आणा. शाळा सोडायची नाही, हे आधीच ठरवून घ्या.