सिक्लिडच्या टाकीत टिकणारी झाडे

प्रश्न : माझ्याकडे ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी काचेची टाकी असून तीत आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले यलो लॅब आणि रस्टी जातीचे मिळून १४ सिक्लिड मासे आहेत. वर्षभरात तीनदा झाडे लावली. काबोंबा दोन दिवसांत खुडली गेली आणि ॲमेझॉन सोर्ड सकाळी पाहावे तर मुळांसकट तरंगत असे. पाणी बोअरचे, जड आहे. या माशांसोबत खरी झाडे जगूच शकत नाहीत का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जगू शकतात, मात्र आपली झाडे दोन निरनिराळ्या कारणांनी गेली आहेत आणि ती कारणे वेगळी ओळखल्याशिवाय निवड जमणार नाही. काबोंबा खाल्ली गेली, ॲमेझॉन सोर्ड उकरली गेली. मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या या माशांना तिथले तोंगा लोक ‘म्बुना’ म्हणजे खडकातले मासे म्हणतात. खडकावर चढलेले शेवाळ आणि त्यातले बारीक जीव दातांनी खरवडून खाणे हा त्यांचा दिवसभराचा उद्योग असल्यामुळे मऊ, बारीक पानांचे झाड त्यांना अन्नच वाटते. वाळू तोंडात भरून दुसरीकडे टाकणे आणि दगडाखाली जागा करून ती राखणे हाही त्यांचा स्वभावच आहे. पोटभर खायला घातले तरी तो बदलत नाही. आपल्या उजनीत मिळणारा चिलापी हाही याच कुळातला, मूळचा आफ्रिकेचा मासा, आणि विणीच्या दिवसांत त्याचा नरही तळाशी परातीसारखा गोल खळगा करतो.

म्हणून झाड वाळूत लावण्याचा आग्रह सोडून ते दगडावर किंवा लाकडावर न्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. यासाठी अनुबियाससारखे दुसरे झाड नाही. हे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठचे झाड आहे. त्याचे पान बोटांनी दुमडून पाहिले तर चामड्यासारखे जाड आणि चिवट लागते, आणि यलो लॅबने एखाद्दुसरा चावा घेतला तरी तो पुन्हा त्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याचे आडवे खोड हळकुंडासारखे दिसते. वरच्या अंगाने पाने आणि खालच्या अंगाने मुळे फुटतात. हे हळकुंड वाळूत पुरले की कुजते, आणि एकदा मऊ पडून त्याला वास सुटला की झाड हाती लागत नाही. अनुबियास मेल्याच्या बहुतेक तक्रारींत दोष माशांचा नसून या पुरण्याचा असतो. खोड दगडाच्या खाचेत टेकवून सुती दोऱ्याने किंवा तंगुसाने बांधावे, किंवा फेव्हिक्विकसारख्या गोंदाचे दोन थेंब लावून चिकटवावे. हा गोंद पाण्यात लगेच घट्ट होतो आणि नंतर माशांना बाधत नाही. सुती दोरा काही आठवड्यांत कुजून जातो, तोवर मुळांनी दगड धरलेला असायला हवा. ती धरली नसतील, तर पुन्हा बांधावे. नवे पान यायला तीन-चार आठवडे लागू शकतात, त्यामुळे झाड वाढत नाही म्हणून ते सारखे हलवू नये. दिवाही मंदच हवा. सहा-सात तासांपेक्षा जास्त प्रखर उजेड दिला, तर या सावकाश वाढणाऱ्या पानांच्या कडांवर काळे केसाळ शेवाळ बसते आणि ते निघता निघत नाही.

जावा फर्न अशाच रीतीने बांधता येते आणि मासे तिलाही सहसा टाळतात. खते फार लागत नाहीत, कारण माशांच्या विष्ठेतून नायट्रोजन मिळतोच. जुन्या पानांना भोके पडू लागली तर मात्र पोटॅशियम कमी पडत असण्याचा संभव असतो.

वाळूत लावायचेच असेल, तर व्हॅलिसनेरिया घ्यावी. आपले जड पाणी तिला मानवते आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पाण्याचा पीएच ८च्या आसपास गेला की त्यात मोकळा कार्बन डायऑक्साइड फारच थोडा उरतो आणि पुष्कळ झाडे उपाशी राहतात. व्हॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्ट ही झाडे मात्र जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकतात. ही दोन्ही मलावी सरोवरातही आढळतात. व्हॅलिसनेरियाची रोपे प्रथम बाहेर छोट्या कुंडीत रुजवावीत, वाळूवर मुठीएवढे गोटे रचावेत आणि मग कुंडी टाकीत ठेवावी. गोटे उचलणे या माशांना जमत नाही. नव्या पाण्यात आल्यावर तिची पाने वितळतात. घाबरून ती उपटू नये, कारण बुडखा पांढरा आणि टणक असेल तर नवी पाने येतात. बाजारात ‘लिक्विड कार्बन’ म्हणून मिळणारे औषध मात्र तिच्या टाकीत घालू नये, त्याने ती वितळू शकते.

मलावीच्या टाकीत तांबड्या पानांची नाजूक झाडे आणि जमिनीवर पसरणारे गवत यांवर पैसे घालू नयेत. शक्य असल्यास झाडे बांधलेले दगड आधी महिनाभर माशांविना दुसऱ्या भांड्यात ठेवावेत, म्हणजे मुळे पकडतात आणि मग टाकीत ठेवल्यावर माशाच्या धडकेने झाड सुटत नाही.

प्रश्न : जावा फर्नच्या पानांच्या मागे काळे-तपकिरी ठिपके ओळीने आले आहेत. हा रोग असल्यास सर्व पाने कापावीत का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : कापू नयेत. नेच्यांना फूल-बी नसते. पानामागचे हे ठिपके बीजाणूंचे पुंजके आहेत. काही दिवसांनी पानाच्या टोकाला इवलीशी पाने आणि केसांसारखी तपकिरी मुळे असलेले पिल्लू दिसले, तर ते बोटाएवढे झाल्यावर अलगद सोडवून दुसऱ्या दगडाला बांधावे. पान पारदर्शक होऊन सडत असेल तरच ते कापावे आणि आधी खोड पुरले गेले आहे का, ते पाहावे.

प्रश्न : गावाकडच्या नदीत व्हॅलिसनेरियासारखी लांब पट्टीची पाने दिसतात. ती आणून सिक्लिडच्या टाकीत लावली तर चालेल का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्या नद्या-तळ्यांत व्हॅलिसनेरिया वाढते, त्यामुळे आपण पाहिलेले झाड तेच असू शकेल. मात्र त्याच ओहोळांत तिच्यासारखीच दिसणारी क्रिप्टोकोरायनीही असते आणि तिच्यातली ‘कॉग्नाटा’ ही जाती कोकण आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर जगात कुठेही आपोआप उगवत नाही. ओळख पटल्याखेरीज, आणि ओळख पटल्यावर क्रिप्टोकोरायनी निघाली तर कधीच, मुळासकट उपटू नये. व्हॅलिसनेरियाची खात्री झाली, तर धावत्या खोडावर आलेली दोन-तीन रोपेच घ्यावीत. ती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावीत आणि गोगलगायी, जळवा किंवा त्यांची अंडी दिसतात का, हे पाहण्यासाठी तीन आठवडे वेगळ्या बादलीत, उजेडाच्या जागी ठेवावीत. पाणी दर आठवड्याला बदलताना पानांच्या मागची बाजू आणि बुडखा बोटाने चाचपून पाहावा; गोगलगायींची अंडी पारदर्शक जेलीच्या छोट्या गोळ्यासारखी तिथेच चिकटलेली असतात.