तीन शिक्षक आणि ओआरएसचं एक पाकीट

प्रश्न : आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला यंदा विज्ञानाचा एकत्र पेपर आलाय. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो असे आम्ही तिघांनी पाच-पाच आठवडे वाटून घेतलेत, पण मुलं म्हणतात मॅडम हे तर अकरावीचंच परत चाललंय. काय करू?

उत्तर : मॅडम, मुलं बरोबर बोलतायत. आठवडे वाटून घेतले की तीन विषय एकामागून एक येतात, एकमेकांना भेटतच नाहीत. मी पण आधी हेच केलं होतं. नंतर एका वर्षी मेडिकलमधून ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजतात त्या मीठ-साखरेच्या पावडरीची, एक लिटरची पाकिटं आणली आणि महिनाभर तेवढंच शिकवलं.

मागे लिहिलेलं असतं, मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम. मुलं विचारतात साखर पाचपट का? तर मोल काढायला लावा, म्हणजे वजनाऐवजी कणांची संख्या मोजायला. मिठातून ४४ मिलिमोल सोडियम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं त्यातून अजून तीसेक, म्हणजे जवळजवळ ७५, आणि ग्लुकोज १३.५ भागिले त्याचा रेणुभार १८० म्हणजे ०.०७५ मोल, तेही ७५ मिलिमोल! हे जुळलं ना की मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करतात. मग बायो आपोआप येतं, आतड्याच्या पेशींवर एक प्रोटीन असतं ते ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच आत घेतं, मागोमाग पाणी जातं, आणि कॉलऱ्यात बाकी बिघडलं तरी ही वाट चालू राहते म्हणून तर ओआरएस लागू पडतं.

पाणी मागोमाग का जातं, हे फिजिक्सवाल्या सरांचं. बटाट्याचे काप कमी-जास्त मिठाच्या पाण्यात ठेवा, तासाभराने वजन करा, ग्राफ काढा, लॅब नसली तरी चालतं.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव कॅम्पात सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजायला लावलं आणि मृत्यूचं प्रमाण तीसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आलं, हे मुलांना जरूर सांगा, मी सांगते तेव्हा वर्ग अगदी शांत होतो.

एकच विनंती, तिघंही एकाच तासाला वर्गात बसा, आणि मोलचं गणित बायोच्या मॅडमना फळ्यावर करू द्या. परीक्षेला विचारा, जुलाब झालेल्या बाळाला ओआरएसऐवजी कोल्ड्रिंक दिलं तर काय होईल, आकड्यांसकट सांगा. साखर जास्त झाली की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, हे ज्याला मांडता आलं त्याला पूर्ण मार्क द्या.